एक जूनची लाल ओळ

रूपराव वारल्याची बातमी आर्वीत सकाळी साडेसातला लागली. ती खुद्द त्यांच्या सख्ख्या भावाच्या दुकानाबाहेरच्या फळ्यावरच लागली होती, त्यामुळे शंका घ्यायचं कोणाला कारण नव्हतं. हा फळा खोटं बोलत नाही, हे आर्वीला पन्नास वर्षांपासून ठाऊक होतं.

अण्णाजींनी मास्तरकी संपल्यावर तो फळा टांगला आणि त्यांच्यामागे त्यांच्या थोरल्या मुलानं, प्रभाकररावांनी, बी-बियाण्याच्या दुकानासोबत तोही चालवला. रोज सकाळी सात वाजता 'आजचा दिनविशेष'. जगाचा एखादा दिवस, देशातली एखादी घटना आणि शेवटी घरातलं किंवा गावातलं एखादं नाव. परवा जागतिक बटाटा दिन होता. तो वाचून दोन शेतकरी इतके हसले की बियाण्याची पिशवी ओट्यावरच विसरून गेले. काल तंबाखूविरोधी दिन होता. तिघं जण खर्रा घोटत घोटत तो एकमेकांना वाचून दाखवत होते. ऑगस्टात डासांचाही दिवस असतो. प्रभाकरराव तोसुद्धा त्याच गांभीर्यानं, त्याच वळणदार अक्षरात लिहीत.

मजकूर यायचा अण्णाजींच्या वहीतून. तीनशे सहासष्ट पानं, एकेका तारखेला एकेक पान. जन्म, लग्न, घटना निळ्या शाईत. मृत्यू लाल शाईत. फळ्याचे नियम दोनच. लिहिलेलं दिवस मावळेपर्यंत पुसायचं नाही. आणि चुकलंच, तर खाली दुरुस्ती लिहून, ज्याची चूक त्यानं सही करायची. अण्णाजींनी अशा पाच-सहा सह्या केल्या होत्या. प्रभाकररावांनी बत्तीस वर्षांत एकही केली नव्हती, आणि हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला अगत्यानं सांगत.

पण मे महिन्यात कूलरला नवी वाळ्याची ताटी लावताना ते स्टुलावरून पडले आणि उजव्या मनगटाला प्लास्टर आलं. तेव्हापासून फळा नातीच्या हातात होता. समीक्षा लिहायची, आबाजी खुर्चीवर बसून सांगायचे. आज मात्र ते पहिल्या गाडीनं वर्ध्याला डॉक्टरकडे हात दाखवायला गेले होते. जाताना म्हणाले, "एक जूनचं पान उघडजो. निळं हाय तसं उतरव. लालाले श्रद्धांजली."

तिनं तसंच केलं. जागतिक दूध दिन. एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली एसटीची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला धावली. आणि खाली, 'भावपूर्ण श्रद्धांजली : अण्णाजी, रूपराव'. वहीत दोन नावं एकाखाली एक होती, दोन्ही लाल. रूपराव म्हणजे आबाजींचे धाकटे भाऊ, एवढं तिला माहीत होतं. लहानपणी तिनं एकदा त्यांच्याबद्दल विचारलं होतं तेव्हा जेवणाच्या ताटावर सगळ्यांची तोंडं बंद झाली होती. मेलेल्या माणसाबद्दल मोठी माणसं अशीच गप्प होतात, असं तिनं तेव्हाच धरून टाकलं होतं.

समोरच्या कापड दुकानातल्या नानाजींनी फोटो काढला आणि आर्वीच्या ग्रुपवर टाकला. आठ वाजेपर्यंत सव्वाशे लोकांनी हात जोडले होते.

समीक्षाच्या वडिलांचा, प्रफुलचा, फोन वाजला तेव्हा तो गिऱ्हाइकाला कपाशीचं बियाणं दाखवत होता. पलीकडे समुद्रपूरहून धनंजय होता, रूपरावांचा मुलगा. हे दोघं चुलतभाऊ महिन्या-पंधरा दिवसांनी चोरून बोलत, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

"भाऊ, तुमच्या इथं काय चालू आहे बे?" धनंजय ओरडत होता. "माह्या मावशीनं पुलगाववरून रडत फोन केला. बाबा तं इथं माह्यासमोर चहा पिऊन राह्यले!"

प्रफुल बाहेर आला, फळा वाचला आणि घरात धावला. "आई! समीक्षानं काकाजीले मारून टाकलं!"

"म्हणजे ते आहेत?" समीक्षा उठूनच उभी राहिली.

"आहेत म्हणजे? चांगले ठणठणीत आहेत. पुसून टाक पयले!"

"पुसायचं नाई," अनुसयाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. त्यांच्या हातात रसाचा आंबा होता, कोपरापर्यंत पिवळं झालं होतं. "थो नियम काही मी केला नाई. पण वही इकडे आण."

या घरात एकावन्न वर्षं काढून त्यांनी ती वही कधी उघडली नव्हती. वही नवऱ्याची, त्याआधी सासऱ्याची. हात धुऊन, पदराला पुसून त्यांनी एक जूनचं पान पाहिलं. अण्णाजींचं नाव लाल. त्याखाली रूपरावांचं नाव, लाल, आणि इतकं दाबून लिहिलेलं की मागच्या पानावर उमटलं होतं. अक्षर नवऱ्याचं.

"पोरीची काही चूक नाई," त्या म्हणाल्या. "पोरीनं वाचलं थे लिहिलं. जित्या माणसाले लाल करणाऱ्याले इचारा."

आणि जिता माणूस तर निघालाच होता. धनंजयनं पुन्हा फोन करून सांगितलं, बाबा-आईनं साडेआठची एसटी धरली.

प्रभाकरराव अकराला परत आले. फळ्यासमोरचे आठ-दहा लोक त्यांना पाहून बाजूला झाले, दोघांनी पाठीवर हात ठेवून सांत्वनही केलं. त्यांनी ओळ वाचली. दरवर्षी ते स्वतः लिहीत तेव्हा फक्त अण्णाजींचं नाव घालत; सकाळी सांगताना खालची लाल ओळ त्यांच्या ध्यानातच राहिली नव्हती. आत गेले, मधल्या खोलीत कूलरसमोर बसले आणि समीक्षाला हाक मारली.

"दुरुस्ती लिही. 'वरील ओळ नजरचुकीनं लिहिली गेली.' अन् खाली सही कर."

"कोणाची?"

"ज्यानं लिहिलं त्याची."

समीक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज हलला नाही. "नजरचूक नाही झाली आबाजी. वहीत जे होतं तेच लिहिलं. मी नाही सही करणार."

बत्तीस वर्षांत या घरात प्रभाकररावांना 'नाही' म्हणायची सोय नव्हती. दारात अनुसयाबाई उभ्या होत्या, त्यांच्याकडे त्यांनी आधारासाठी पाहिलं. त्या पुन्हा आंब्याकडे गेल्या.

*

एक वाजता, नवतप्याच्या उन्हात रस्त्यावर कुत्रंही नसताना, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेले रूपराव ओट्यासमोर येऊन उभे राहिले. मागे त्यांच्या पत्नी भागीरथाबाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आज त्यांनी ते मुद्दाम मोठं लावलं होतं.

नानाजी दुकानातून धावत आले आणि मध्येच थबकले. "रूपराव?"

"हाव, मीच. तुमी हात जोडलेले पाह्यले मोबाईलवर. लय बरं वाटलं बाप्पा."

रूपराव हसत आले होते. वर्ध्यापासून सगळी गाडी त्यांनी हसवत आणली होती. शाळेच्या दाखल्यावर त्यांचा जन्म एक जूनचा. अण्णा मास्तरांनी अर्ध्या तालुक्याला एक जूनलाच जन्माला घातलं, त्यात स्वतःच्या पोरालाही सोडलं नाही. त्या कागदानुसार आज त्यांना पंच्याहत्तर पुरी झाली होती आणि एसटीचा प्रवास फुकट झाला होता. ते कंडक्टरला म्हणाले होते, "पाय बा, सरकारनं आजच फुकट केलं, अन् भावानं आजच मारलं." सगळी गाडी हसली. ते स्वतः तेहतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर, गाडी कशी खुलवायची हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

पण फळ्यासमोर आल्यावर हसू गेलं. अक्षर पोरीचं होतं, वळण अण्णाजींचं. अण्णाजींच्या नावाशेजारी आपलं नाव बत्तीस वर्षांनी पाहायला मिळालं, तेही असं. त्यांना वाटलं होतं राग येईल. रडू येत होतं.

"भाऊजी, आत या. ऊन लागन." अनुसयाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

"नाई वयनी. मी ओट्यावरच बसतो. साडेसहाची वर्धा गाडी आहे. थोपर्यंत दादानं आपल्या हातानं खाली लिहिलं, की रूपराव जिता आहे, तं मी घरात पाय ठेवतो. नाई तं साडेसहाले जातो, अन् मंग खरोखर मेलो तरी या घरी कळवू नोका."

मधल्या खोलीपर्यंत ऐकू जाईल असंच ते बोलले.

प्रफुल मध्ये पडला. त्याला सगळ्यांनाच राजी ठेवायची सवय होती. "काकाजी, असं करू ना. दुसरा कोणी रूपराव होता म्हणू. आर्वीत काय रूपरावची कमी आहे? सगळ्याइचंच मन राह्यते."

"दुसरा?" भागीरथाबाई उसळल्या. "सकाळपासून अख्खी गल्ली माह्या दारात आली. एकीनं तं माह्या हातच्या बांगड्याकडे पाह्यलं! अन् तू म्हणतं दुसरा?"

इतकं बोलून त्या उठल्या, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि घरात शिरल्या. भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, सुनेनं थेट बोलायचं नसतं. लग्नापासून त्या प्रभाकररावांशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. जे असेल ते मोठ्या जावेमार्फत. मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर त्या थांबल्या, तेव्हा अनुसयाबाईंना वाटलं, आता 'बाई, त्याइले सांगा' असं येईल.

"भासरेबुवा," भागीरथाबाई म्हणाल्या, "आज मीच बोलतो. माह्या जित्या मालकाचं नाव तुमी लाल शाईनं लिहिलं. वही तुमच्यापाशी होती, म्हणून लिहिलं. माह्यापाशी असती तं मी तुमचं नसतं लिहिलं."

कूलरचं पाणी टपटपत होतं. भागीरथाबाई तशाच परतल्या, आणि अनुसयाबाईंनी धाकट्या जावेचा हात धरून तिला स्वयंपाकघरात नेलं.

"बरं केलं," त्या हळूच म्हणाल्या. "मले हे जमाले पाह्यजे होतं."

"बाई, तुमीही तं बत्तीस वर्षं गप्प होत्या."

"होती ना. त्याची लाज आहे मले. रस वाढू का?"

*

रूपरावांनी ओट्यावरच रस-पोळी खाल्ली. समीक्षा ताट घेऊन आली आणि बाजूला बसून राहिली.

"मी तुम्हाला मेलेले समजत होते, आजोबा," ती म्हणाली.

"चालते. तुह्या बापाले तं मालूम होतं ना जिता आहे म्हणून. त्यानं तरी कुठं सांगतलं?" रूपरावांनी कुरडई मोडून तिच्या हातात दिली. "अक्षर झ्याक आहे तुयं. अण्णाजींचा 'र' असाच निघे."

"त्या दिवशी काय झालं होतं?"

त्यांनी सांगितलं, आणि ते इतक्या वेळा मनात सांगून झालं होतं की कुठेच अडखळले नाहीत. चौऱ्याण्णवचा एक जून. एसटीचा वाढदिवस, डेपोत गाड्यांना तोरणं. आर्वी–नागपूर जलद गाडीवर त्यांचा पहिला दिवस. पहाटे अण्णाजींच्या छातीत दुखत होतं, म्हणून ड्युटीला जायच्या आधी ते पाया पडायला आले. "अण्णाजी म्हणे, गाडी टायमावर काढजो, माह्यासाठी लोकाइले उभं नोको ठेऊ. मी गेलो. मंग दादा डेपोत धावत आला. म्हणे, अण्णाजीची तब्येत बिघडली, उतर खाली. बावन्न माणसं बसली होती. दुसरा ड्रायव्हर नाई. मी म्हटलं, अण्णाजीनंच मले जा म्हटलं. दादाले थे खोटं वाटलं. मी गाडी काढली." त्यांनी ताट बाजूला सारलं. "उतराले पाह्यजे होतं. आज वाटते मले, उतराले पाह्यजे होतं. दुपारी चारले अण्णाजी गेले. मी रात्री आलो तं सरण जळून झालं होतं. दादा थांबला नाई."

खिडकीआड कूलर बंद झाल्याचं दोघांनाही कळलं नाही.

*

आत प्रभाकररावांनी शब्द न् शब्द ऐकला होता. साडेपाच वाजले, सहा वाजले. अनुसयाबाई चहा घेऊन आल्या, सोबत वही. दोन्ही त्यांनी स्टुलावर ठेवलं आणि बसल्या. एरवी त्या या खोलीत बसत नसत.

"एक इचारू? अण्णाजी जातानी तुमीच जवळ होते. मी पाणी आणाले गेलती. काय बोलले थे?"

प्रभाकररावांनी चहाकडे पाहिलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी बत्तीस वर्षं फक्त सांगितलं नव्हतं.

"म्हणे, रूपरावले मीच पाठवलं. त्याले बोलू नोको."

अनुसयाबाईंचा हात तोंडावर गेला. "म्हणजे तुमाले मालूम होतं!"

"डेपोत मी त्याले खोटारडा म्हटलं. साऱ्याइसमोर म्हटलं. मंग अण्णाजी असं बोलले अन् गेले. आता त्याले कोणतं तोंड दाखवू?" त्यांनी वहीवर डावा हात ठेवला. "म्हणून थांबलो नाई सरणाले. थो यायच्या आत उरकलं. अन् रातच्याले थो दारात आला, तं सारं त्याच्यावरच ढकललं. लाल केला त्याले. सोपं गेलं मले, अनुसया. लय सोपं गेलं."

नवऱ्यानं आपल्याला नावानं हाक मारल्याचं अनुसयाबाईंच्या लक्षात आलं. एकावन्न वर्षांत चार-पाचदाच झालं असेल. राग तर आलाच होता, चांगला आला होता. पण घड्याळ सव्वासहा दाखवत होतं.

"राग मी उद्या काढीन," त्या म्हणाल्या. "सोडणार नाई. आता उठा. गाडी साडेसहाची आहे."

*

प्रभाकरराव बाहेर आले तेव्हा रूपराव पिशवी काखेत घेऊन उभे होते. नानाजी आणि चार-पाच दुकानदार उगाच शटरपाशी रेंगाळत होते; असा दिवस काही रोज येत नाही. दोघे भाऊ समोरासमोर आले. थोरला वाळला होता, धाकट्याचे केस पूर्ण गेले होते. दोघांनीही ते पाहिलं.

"समीक्षा, खडू दे."

तिनं खडू दिला. त्यांनी तो डाव्या हातात धरला.

"मी लिहितो ना, आबाजी. तुम्ही सांगा."

"नाई. ज्याची चूक त्यानं लिहायचं."

आयुष्यभर वळणदार लिहिलेल्या माणसाला डाव्या हातानं लिहिताना पाहणं सोपं नव्हतं. अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी वाकडी निघत होती, ओळ खाली घसरत होती, आणि खडू दोनदा मोडला. कोणी मदतीला पुढे झालं नाही. प्रफुल पुढे होणार होता, त्याला भागीरथाबाईंनी मनगटाला धरून थांबवलं.

'दुरुस्ती : रूपराव जिता आहे. तेव्हाही खोटं बोलला नव्हता. अण्णाजींनी मला सांगितलं होतं. चूक पोरीची नाही, माझी. प्रभाकर.'

रूपरावांनी ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. 'अण्णाजींनी मला सांगितलं होतं' यापाशी त्यांचं बोट हवेतच थांबलं.

"तुले मालूम होतं, दादा?"

"हाव."

"कव्हापासून?"

"त्याच दुपारपासून."

रूपरावांच्या हातून पिशवी खाली पडली. क्षणभर वाटलं, ते आता चालू पडतील, आणि कोणी त्यांना अडवलंही नसतं. प्रभाकररावांनी तर मानच खाली घातली होती. पांढरी भुकटी प्लास्टरवर, सदऱ्यावर, सगळीकडे सांडली होती.

"बत्तीस वर्षं, दादा," रूपराव म्हणाले. "बत्तीस वर्षं मी स्वतःलेच इचारत होतो, की अण्णाजी खरंच 'जा' म्हणाले, का मीच मनानं बनवलं. मले स्वतःवरच भरोसा राह्यला नव्हता." आणि मग त्यांना रडू आलं. भर बाजारात, दुकानदारांसमोर, लपवायचा प्रयत्नही न करता ते रडले. प्रभाकररावांनी डावा हात पुढे केला. तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी तो भावाच्या डोक्यावर ठेवला, लहानपणी ठेवत तसा. टकलावर पाच बोटं पांढरी उमटली.

डेपोकडून हॉर्न ऐकू आला. लांब, मग एक छोटा. ड्रायव्हर फलाटावरून गाडी काढताना देतात तसा.

"काकाजी, साडेसहाची!" प्रफुल दचकला. "मोटारसायकल काढू का? दोन मिनिटात गाठतो."

रूपरावांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि मनगटावरचं घड्याळ पाहिलं. तेहतीस वर्षांत त्यांनी एकही गाडी कोणासाठी थांबवली नव्हती, आणि एकही सोडली नव्हती.

"जाऊ दे तिले," ते म्हणाले, आणि चपला काढून घरात गेले.